'पारधी टोळी जेरबंद' अशी बातमी आली तर काय करायचं

शेअर करू नका, हे पहिलं. मग ती परत वाचा आणि माहिती कुठून आलीय ते बघा. क्राईमच्या अशा बातम्या बऱ्याचदा पोलिसांच्या प्रेसनोटवरूनच उतरवलेल्या असतात, पकडलेल्यांची बाजू नसते, कोर्टात काही सिद्ध झालेलं नसतं, तरी हेडिंगमध्ये 'सराईत' आणि वर जमातीचं नाव. आता पोलीस ठाण्यातली माणसंही हेच पेपर वाचत मोठी झालीत ना, मग पुढची घरफोडी झाली की गाडी थेट पारध्यांच्या पालावर, चार पोरं उचलायची, की नवी प्रेसनोट तयार. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, तो कायदा १९५२ ला गेला पण हेडिंगं तीच.

जमातीचं नाव खोडून वाचा. बातमीतलं काही कमी झालं का? नाही ना, मग ते छापलंच कशाला. संपादकाला नाव-तारखेसकट मेल टाका, दाद नाही मिळाली तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, दैनिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. (टीव्हीवाले तिथे येत नाहीत, फक्त छापील.)

'पकडलेत म्हणजे केलंच असणार' म्हणणारा घरात असतोच, त्याला महाराष्ट्रातलीच २००३ ची केस सांगा. दरोडा, बलात्कार, खून, भयंकरच प्रकार. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, २००९ ला सुप्रीम कोर्टानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली, आणि २०१९ ला त्याच कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांचा तपासच झाला नव्हता!

व्हॉट्सअॅपवरच्या 'पोरं पळवणारी टोळी आलीय' ला तर लगेच ग्रुपवरच विचारा, कुठलं ठाणं, कुठला गुन्हा. २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात असल्याच अफवेवरून डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठार मारली.

आणि तुमच्या ओळखीतल्या कोणाला नुसत्या संशयावरून उचललं तर ठाण्यात एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा. अटकेचं कारण लेखी मागा, नातेवाईकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं (प्रवासाचा वेळ सोडून). वेळ लिहून ठेवा, कोणी नेलं तेही. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर (मोफत कायदेशीर मदतीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, कस्टडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो.