पोफळीवरचं बोर्डो मिश्रण बिघडतं कुठे

गोव्यात केरी-सावईवेऱ्यापासून सत्तरीपर्यंतची कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, डोंगराच्या पायथ्याला, झरीच्या पाण्यावर उभी आहेत. उन्हाळ्यात पोफळीला तारणारी तिथली ओल आणि सावली पावसात कोळेरोगाला, म्हणजे बुरशीने येणाऱ्या फळकुजीला, पोसते. देठाजवळ पाणी धरल्यासारखा गर्द हिरवा डाग दिसला की कोवळी सुपारी गळायला लागलीच म्हणायची. म्हणून बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्यापासून केलेल्या बुरशीनाशकाची, पहिली फवारणी मे अखेरीस, पावसाआधी. दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप साधून. पाऊस लांबला तर तिसरी.

एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून ५० लिटर पाण्यात वरच्या बाजूला रात्रभर टांगावं. तळाशी टाकलं तर तिथेच बसून राहतं, लवकर विरघळत नाही. भांडं प्लास्टिकचं घ्यावं; लोखंडाचं किंवा जस्ती पत्र्याचं मुळीच नको. चुना आधी थोड्या पाण्यात विरवून, मग ५० लिटर करून गाळून घ्यावा. पिशवीत उघडा राहून भुकटी झालेला जुना चुना वापरण्यात अर्थ नाही, त्याचा जोर हवेनेच गेलेला असतो.

आता खरी मेख. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, हळूहळू, ढवळत. उलट केलं तर कण जाड होतात, नळी तुंबते आणि औषध घोसावर टिकत नाही. मग घासून लख्ख केलेला कोयता मिनिटभर त्यात बुडवावा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. तसंच फवारलं तर कोवळी फळं करपतात. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत जावी. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, उद्यावर ठेवायचं नाही.

फवारा घोसाच्या खालून आणि आतून बसला पाहिजे. जमिनीवरून नुसता शेंड्यावर पाऊस पाडणं म्हणजे मजुरी फुकट. गळलेली फळं वेचून जाळावीत. शेजाऱ्याने फवारलं नाही तर वाऱ्यापावसाबरोबर त्याचा रोग आपल्याकडे येतो, तेव्हा दोन्ही कुळागरांचा दिवस एकच ठरवलेला बरा. त्याच खेपेला पोफळीवर चढवलेल्या मिरवेलीची (काळ्या मिरीच्या वेलीची) पानं आणि बुंधाही भिजवून घ्यावा. तिची मरही याच जातकुळीच्या बुरशीने येते.

पिंप मात्र पाटात धुऊ नये. ते पाणी खालच्या कुळागरात आणि पुढे विहिरीत जातं.