सोलरच्या गरम पाइपला इन्सुलेशन कसं करायचं

साताऱ्यात थंडीत गच्चीवर वारं सुटलं की सोलरची टाकी गरम राहते पण बाथरूमात पाणी कोमट येतं, आणि मग लोक गिझर लावतात. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास अर्धं युनिट जातं, घरात चार-पाच माणसं असली तर हिशोब तुम्हीच करा.

एक आधीच सांगतो, रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी फोम लावला तरी गार होणारच. पाऊण इंची पाइपात मीटरमागं साधारण पाव लिटर, तेवढं वेगळ्या बादलीत काढा. फायदा होतो तो एकामागोमाग आंघोळी चालतात तेव्हा.

एसीचं सामान मिळतं तिथून काळ्या नायट्राइल रबरच्या फोमच्या नळ्या आणा, जाडी १३ मिमी तरी घ्या. पाइपचा बाहेरचा व्यास मोजून न्या. पोतं गुंडाळा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, आपल्याकडच्या पावसात ते भिजतं आणि ओलं पोतं उलट जास्त उष्णता ओढतं. थर्माकोलचा तर उन्हात भुगा होतो.

सरळ पाइपवर नळी चिरून बसवायची, चीर खाली. झालं.

खरी गंमत एल्बोला, म्हणजे पाइप काटकोनात वळतो त्या जोडाला. प्लंबर लोक तिथं नळी नुसती वाकवतात, मग बाहेरून ताणते, आतून चुरगळते आणि महिन्याभरात फट पडते. दोन तुकडे ४५ अंशात कापा, ब्लेड नवीन पाहिजे, दाताची करवत चालत नाही. रबरचा गम दोन्ही तोंडांना लावून थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबा, ओला असताना दाबला तर धरतच नाही. आणि नळी ताणून पुरवायची नाही म्हणजे नाही!! कमी पडली तर तुकडा जोडा, उलट बोटभर जास्तच ठेवा. पाइप गरम असताना काम नको. टेपपण करकचून आवळू नका, फोममधली हवाच उष्णता अडवते, ती दाबून टाकली तर काय उपयोग?

टाकीतून पाइप निघतो तिथंही असंच गच्च जोडा, बरेच जण तो वीतभर भाग उघडाच सोडतात.

वरून पीव्हीसीचा मोठा पाइप उभा चिरून चढवा आणि बांधा, नाहीतर उन्हानं फोम तडकतो, आणि वानरं काय सोडतायत होय. टाकीवरच्या हवेच्या पाइपचं तोंड मात्र उघडंच ठेवायचं, तिथं फोम, टेप, बूच काहीच नको, नाहीतर टाकी पिचकते.