वाळवंटातल्या सॉल्ट नदीवर ट्राउट आणि बास कसे गरवायचे

ॲरिझोनात चँडलर-मेसाकडे नवीन राहायला आलेले आपले लोक हमखास विचारतात की इथे वाळवंटात मासे कुठले. अहो आहेत, आणि घरापासून पाऊण तासावर आहेत! सॉल्ट नदी चार धरणं उतरून खाली येते, शेवटचं स्ट्युअर्ट माउंटन, त्याच्या मागे सग्वारो लेक. तिथून ग्रॅनाइट रीफच्या बंधाऱ्यापर्यंतचा पट्टा म्हणजे लोअर सॉल्ट, मी बोलतोय तो हाच. धरणाच्या खोलातलं गार पाणी सुटतं, त्यामुळे बाहेर ४३ डिग्री असलं तरी नदीत पाय टाकला की शहारा येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी पाणी बघा, मग गळ काढा. मी चिपळूणचा, वाशिष्ठीला पोफळीच्या वीजघरातून सोडलेलं पाणी किती आलंय हे बघूनच आम्ही गरवायला जायचो, इथेही तसंच आहे, नदी धरणवाल्यांच्या हातात. उन्हाळ्यात शेतीला आणि शहराला पाणी लागतं म्हणून सॉल्टमधून भरपूर सोडतात, थंडीत बरंचसं पाणी व्हर्डी नदीतून घेतात मग सॉल्टची धार एकदम बारीक होते. यूएसजीएसच्या (अमेरिकन सरकारचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) साइटवर स्ट्युअर्ट माउंटन धरणाखालचा गेज, म्हणजे पाण्याचा मापक, आहे, तो रात्री झोपताना आणि सकाळी निघताना असा दोनदा बघायचा. हजार क्युसेकच्या आसपास असेल तर आत उतरूच नका, काठावरून टाका, मासे तेव्हा मोठ्या दगडांच्या मागे आणि कडेच्या संथ पाण्यात येऊन थांबतात. पाणी कमी असेल तर सगळे डोहात, पण तेव्हा पाणी इतकं नितळ असतं की तुमची सावली पडली तरी पळतात, लांब उभे राहा, वाकून जा.

ट्राउट म्हणजे रेनबो, हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) आणून सोडतात, कधी सोडणार त्याचं वेळापत्रक गेम अँड फिश या ॲरिझोनाच्या सरकारी खात्याच्या साइटवर असतं. थंडीचे महिने बेस्ट. साडेसहा फुटी हलका स्पिनिंग रॉड आणि ४ पाउंडाची (तेवढा ताण झेलणारी) लाइन, जाड लाइन लावली की ट्राउट तोंड लावत नाही हे मी खूप दिवस वाया घालवून शिकलोय. पॉवरबेट (मळलेल्या कणकेसारखं तयार आमिष) लावणार असाल तर बारीक ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) झाकेल एवढाच गोळा घ्या, आणि शिसं हुकच्या दीड फूट वर, कारण हे आमिष तरंगतं, शिसं तळाशी बसतं आणि गोळा वर माशाच्या तोंडासमोर राहतो. ते नको असेल तर १/१६ किंवा १/८ औंसाचा स्पिनर (पाण्यात फिरणाऱ्या चकतीचं आमिष), प्रवाहाला आडवा फेकून हळू गुंडाळत आणा.

बासचं गणित वेगळं. लार्जमाउथ संथ पाण्यात गवताकडेला, स्मॉलमाउथ दगडाधोंड्यात. ६ ते ८ पाउंडाची लाइन आणि तपकिरी रंगाचं मऊ प्लॅस्टिकचं आमिष, तळावरून टुकटुक ओढत आणायचं, म्हणजे क्रेफिश (गोड्या पाण्यातला छोट्या शेवंडासारखा प्राणी) चालल्यासारखं वाटतं. (ॲरिझोनात मूळचा एकही क्रेफिश नाही, सगळे बाहेरून आलेत, पण बासला ते भारी आवडतात.) मार्च-एप्रिलमध्ये बास काठाजवळ अंडी राखत बसतात, तेव्हा लागला तर पटकन सोडून द्या, कळकळीने सांगतोय, नर घरट्यावरून उचलला की बाकीचे मासे अंडी खाऊन टाकतात.

लायसन्स १० वर्षांपासून पुढे सगळ्यांना लागतं, हा भाग टोंटो या सरकारी जंगलात येतो, त्याचा पार्किंग पासही आधीच घेऊन ठेवा. जागा म्हणाल तर धरणाजवळ वॉटर यूजर्स, खाली कून ब्लफ, आणि फोन डी सटन, तिथे जवळच व्हर्डी येऊन मिळते. उन्हाळ्यात सकाळी उजाडताना जा, नंतर रबरी ट्यूबवर बसून तरंगत जाणाऱ्यांची एवढी गर्दी होते की गळ टाकायला जागा उरत नाही. रानटी घोडे पाण्यावर येतात, किमान ५० फूट लांब राहा, आणि काचेच्या बाटल्या नेऊ नका, मनाई आहे.

पाणी २० डिग्रीच्या वर गेलं की ट्राउट लवकर दमतो, सोडला तरी जगेल याचा भरवसा नाही, तेव्हा उगाच पकडून सोडत बसू नका, लिमिटमध्ये घरी न्या. तिथेच आतडी काढून थेट बर्फात. खवलं इतकी बारीक की काढावी लागत नाहीत. मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून दहाच मिनिटं ठेवायचं, मांस मऊ असतं, जास्त ठेवलं की तव्यावर तुटतं, मग रव्यात घोळवून मध्यम आचेवर तळा.