क्वांटम गुरुत्वाकर्षणाचे पुरावे वाचताना या चुका टाळा

"जास्त ऊर्जेचा फोटॉन उशिरा पोहोचला, म्हणजे अवकाश-काळ दाणेदार आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की सुरुवात तिथूनच करतो. गुरुत्वाकर्षणाला क्वांटम नियमांत बसवू पाहणाऱ्या (म्हणजे क्वांटम गुरुत्वाकर्षणाच्या) काही कल्पना सांगतात की अवकाश-काळ अतिसूक्ष्म दाण्यांचा असेल, तर जास्त ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, किंचित हळू जाईल.

एकदा एम.एस्सी.चा एक विद्यार्थी १० मे २००९ च्या गॅमा किरण स्फोटाचा आलेख घेऊन आला. फर्मी दुर्बिणीने टिपलेला, सात अब्ज प्रकाशवर्षांहून दूरचा हा स्फोट. त्यातला ३१ जीईव्ही (म्हणजे ३१ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा फोटॉन सुरुवातीनंतर सुमारे ०.८ सेकंदाने आला. पोराने पट्टी लावून रेष ओढली होती आणि खाली लाल शाईने लिहिलं होतं, 'प्लांक ऊर्जा सापडली'. गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम जिथे ठळक व्हावेत, ती ही प्रचंड ऊर्जा. मी विचारलं, "सगळे फोटॉन एकाच वेळी निघाले, हे कशावरून?" तो गप्प. गाडी उशिरा आली म्हणजे वाटेतच रखडली असं नाही, सुटलीच उशिरा असेल. अशा स्फोटांत जास्त ऊर्जेचे फोटॉन मागाहून येताना अनेकदा दिसतात.

फर्मीच्या गटाने हिशेब उलटा मांडला. सगळा उशीर प्रवासातलाच धरला, तरी परिणाम किती मोठा असू शकतो? ऊर्जेच्या प्रमाणात वेग घटत असेल, तर ती घट ठळक होण्याची ऊर्जा प्लांक ऊर्जेच्याही वर हवी, असं निघालं. अशी घट सांगणाऱ्या कल्पनांची एका फोटॉनने कोंडी केली. म्हणून नवा आकडा दिसला की मी वहीत आधी लिहितो, 'यामुळे नेमकं काय बाद झालं?'

यावरून लगेच 'लूप सिद्धांत मेला' म्हणायची घाईही नको. अवकाश सूक्ष्म दाण्यांचं मानणारा हा क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा एक सिद्धांत. शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर यांच्या १९८६ च्या मांडणीतून तो वाढला. त्यातून अशी घट निघालीच पाहिजे, हे कुणी दाखवलेलं नाही. बातमीचा मथळा वाचून सिद्धांत गाडणाऱ्यांनी मूळ शोधनिबंधातली गृहीतकं तरी वाचावीत.

गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातले तरंग) सापडल्या म्हणजे ग्रॅव्हिटॉन, गुरुत्वाकर्षणाचा कल्पिलेला क्वांटम कण, सापडला असं नाही.

'प्लांक ऊर्जेचा त्वरक (कणांना वेग देऊन आदळवणारं यंत्र) होणार नाही, मग प्रयोग कसला?' हेही चूक. एलएचसी या सर्वात शक्तिशाली त्वरकातल्या टकरी प्लांक ऊर्जेपेक्षा जवळपास एकावर पंधरा शून्यं इतक्या पटीने कमी पडतात, हे खरं. पण अब्जावधी वर्षांच्या प्रवासात इवलासा फरकही साठत जातो.

१९७५ च्या न्यूट्रॉन व्यतिकरणाच्या (लहरी एकमेकींत मिसळून पट्टे उमटण्याच्या) प्रयोगाबद्दलही गल्लत होते; तो क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा पुरावा समजला जातो. पृथ्वीच्या ओढीने न्यूट्रॉनच्या लहरीची कला (चढउतारांची जागा) बदलली. त्यात कण क्वांटम होता, गुरुत्वाकर्षण न्यूटनचंच. दोन सूक्ष्म वस्तुमानं निव्वळ गुरुत्वाकर्षणामुळे एकमेकांत क्वांटम अर्थाने गुंततात का, हे पाहायचा प्रयोग २०१७ मध्ये सुचवला गेला. तो अजून व्हायचाय.