परतून आलेली अ‍ॅलर्जी आणि पंधरा वर्षांचा मुलगा

मुलगा ७ वर्षांचा असताना डॉक्टरांनी समोर बसवून त्याला मोजून शेंगदाणे खायला घातले. काहीच झालं नाही. लहानपणापासूनची अ‍ॅलर्जी गेली म्हणून आम्ही सुटल्यासारखे घरी आलो. निघताना डॉक्टर म्हणाल्या होत्या, आता शेंगदाणे नियमित पोटात जाऊ द्या, बंद करू नका. मी मान डोलावली आणि घरी येऊन विसरले. त्याला वास आवडायचा नाही, मला आतून धास्ती, मग देतंय कोण? १४व्या वर्षी मित्राने दिलेला चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी साधारण पाचांतल्या एका मुलाची जाते. गेलेली क्वचित परत येते, आणि चाचणीत पास होऊनही जे तो पदार्थ खात नाहीत त्यांच्यात ती परतण्याचा धोका जास्त असतो. तेव्हा तुमच्या मुलाची अ‍ॅलर्जी डॉक्टरांनी ‘गेली’ म्हणून सांगितली असेल, तर तो पदार्थ किती आणि किती वेळा द्यायचा हे त्याच भेटीत लिहून घ्या. माझ्यासारखं मान डोलावून येऊ नका.

त्याच वर्षी पोटाचं सुरू झालं. पोट फुगायचं, दुखायचं, शाळेतून आला की पडून राहायचा. इथे मी दुसरा शहाणपणा केला. स्वतःच गहू बंद केला. तीन आठवड्यांत त्याला बरं वाटलं आणि मी खूश. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: रक्ताची तपासणी गहू बंद करण्याआधी केली का? केली नव्हती. सिलिअ‍ॅक आजारात शरीर ग्लूटेनमुळे (गहू, बार्लीतल्या एका प्रथिनामुळे) स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. रक्तातल्या टीटीजी-आयजीए या अँटिबॉडीच्या चाचणीत ते दिसतं, पण ग्लूटेन खाणं चालू असेल तरच. बंद केलं की आजार असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. मग सहा आठवडे पुन्हा रोज गहू. रोज सकाळी ब्रेडचा तुकडा माझ्यापुढे धरून म्हणायचा, “हा तुझ्या नावाने.”

तर आधी तपासणी, मग पथ्य. सोबत एकूण आयजीएसुद्धा (ही अँटिबॉडी ज्या गटातली, तो सगळा गट) मोजायला सांगा. ते मुळातच कमी असेल तर टीटीजीचा आकडा खोटा दिलासा देतो. आणि शंभर-दोनशे पदार्थांची ‘आयजीजी’ (दुसऱ्याच प्रकारच्या अँटिबॉडीची) तपासणी कुणी सुचवली तर पैसे वाचवा. त्यातून अ‍ॅलर्जी कळत नाही, फक्त घाबरून अर्धं ताट रिकामं होतं. वाढीच्या वयात उगाच दूध-अंडी बंद केली तर कॅल्शियम आणि प्रथिनांची ओरड सुरू होते ती वेगळीच.

आमच्याकडे सिलिअ‍ॅक नाही निघाला, गव्हाची अ‍ॅलर्जीही नाही. राहिली ती ग्लूटेन न सोसण्याची तक्रार. हा फरक पोरांना नीट समजवायलाच हवा, कारण सगळ्या पदार्थांची सारखीच भीती घातली की त्यांना कशाचीच भीती उरत नाही. आमच्या घरातलं सूत्र असं: गहू म्हणजे पोट, शेंगदाणा म्हणजे जीव. गव्हाचा चुरा पडलेल्या ताटातून खाल्लं तर फार तर दोन दिवस पोट धरून बसेल. शेंगदाण्याला सूट नाही. (सिलिअ‍ॅक असेल त्या घरात मात्र चुराही चालत नाही. टोस्टर, चाळणी, लाकडी पोळपाट वेगळे लागतात, आणि भाजल्या-उकळल्याने ग्लूटेन जात नाही.)

पाकीट वाचायचं ते दोन्ही डोळ्यांनी. सोया सॉस, माल्ट, तयार सूप यांत गहू किंवा बार्ली लपलेली असते. बऱ्याच देशांत ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. पण ग्लूटेनमुक्त म्हणजे शेंगदाण्याला सुरक्षित नव्हे, हे मला उशिरा कळलं. अशा बेकरीच्या मालात कधी ल्युपिन नावाच्या कडधान्याचं पीठ घालतात. ते शेंगदाण्याच्याच कुळातलं, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना त्यानेही रिअ‍ॅक्शन येते.

आता अ‍ॅड्रेनॅलिनचं पेन, म्हणजे जोरदार रिअ‍ॅक्शन आली की टोचायचं तयार इंजेक्शन. दोन हवीत, आणि ती मुलाच्या अंगाजवळ हवीत, माझ्या पर्समध्ये नाही. आमच्याकडे सुई नसलेलं सरावाचं पेन आहे. त्याच्या तीन मित्रांना टेबलाभोवती बसवून सराव करून घेतला. पहिल्याने ते उलटं धरून खऱ्या पेनात जिथून सुई येते त्या टोकावर अंगठा ठेवला. सगळे हसले, मीही हसले, पण त्यानंतर प्रत्येकाकडून पाच-पाच वेळा करून घेतलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटवरूनच चालतं. श्वास अडकतोय, आवाज बसलाय, चक्कर येतेय, की लगेच पेन. अँटीहिस्टामिनची गोळी देऊन वाट बघायची नाही, ती फक्त खाजेची. मग अँब्युलन्स, आणि पाय वर करून झोपवायचं. धाप लागत असेल तर बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं पेन. मित्रांना मी बजावलेली एक गोष्ट: या वयाची मुलं लाजून एकटीच बाथरूममध्ये जातात. त्याच्या मागे जायचं.

खेळण्याआधी, ताप असताना किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतल्यावर तोच पदार्थ जास्त जोरात भोवू शकतो, हेही त्याला माहीत आहे. आणि चुंबनाचं. हो, ते मीच सांगितलं. समोरच्याने शेंगदाणे खाल्ले असतील तर लाळेतून रिअ‍ॅक्शन येऊ शकते, नुसतं ब्रश करून भागत नाही, मध्ये काही तास आणि एक बिनशेंगदाण्याचं जेवण जायला हवं. तो पूर्ण वेळ छताकडे बघत होता. “झालं?” एवढंच म्हणाला.

वर्षभर मी त्याची पाकिटं वाचत होते. मग ठरवलं, आधी तो वाचेल, मी नंतर. पहिले काही आठवडे त्याच्याकडून सुटायचं, मी जीभ चावून गप्प बसायचे आणि तोंडात जायच्या आत फक्त “पुन्हा बघ” म्हणायचे. गेल्या महिन्यात मी मोठ्या कौतुकाने ग्लूटेनमुक्त बिस्किटं आणली. त्याने पाकीट उलटं केलं, बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ते माझ्या हातात परत ठेवलं.

“ल्युपिन,” म्हणाला. “पुन्हा बघ.”