हेराल्डचे ब्रेक आणि क्लचचे पाइप घरी बदलताना

आमची स्टँडर्ड हेराल्ड ही मद्रासला बनलेली जुनी मोटार, चार दारांची. हिची ब्रेकची लाइन एकच, त्यामुळे कुठलाही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून एकच पाइप गंजलेला दिसला तरी सगळे बदला, आणि चाकांकडे जाणारे रबरी होजही. मागचा अ‍ॅक्सल प्रत्येक खड्ड्यात वरखाली झुलतो, त्यामुळे होज मागेही लागतात, हे पुष्कळ जण विसरतात.

मालासाठी पुण्याच्या नाना पेठेत गेलो तर दुकानदाराने एसीचा तांब्याचा पाइप पुढे केला. तो स्वस्त असतो, हाताने वाकतो. पण थरथरीने तांबं कडक होत जातं आणि नटाच्या तोंडाशी तडकतं. तांबं-निकेलचा ३/१६ इंची ब्रेक पाइपच मागा. जुने नट खिशात टाकून न्या. आपले आटे इंची, बहुतेक ३/८चे. हल्लीच्या गाड्यांचा दहा एमएमचा नट डोळ्यांना तसाच दिसतो, पण जोर लावून चढवलात तर सिलिंडरचे आटे गेले म्हणून समजा.

आदल्या रात्री प्रत्येक नटावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. साधा पाना नटाचे कोपरे खातो, फ्लेअर नटाचा पाना घ्या (फ्लेअर म्हणजे पाइपचं पसरवलेलं तोंड, नट ते दाबून धरतो). काढलेला पाइप सरळ करू नका, तोच तुमचा साचा. त्याला सुतळी लावून लांबी मोजा. उघड्या राहिलेल्या तोंडांना बुचं लावा.

सुरुवात क्लचच्या पाइपपासून करा. तिथे फ्लेअर बिघडला तर गिअर पडणार नाही, एवढंच. ब्रेकवर हात शिकायला जाऊ नये. शिवाय हेराल्डचं बॉनेट मडगार्डासकट पुढे उलटतं, तेव्हा चक्क टायरवर बसून काम होतं.

पाइप हॅक्सॉने कापू नका, छोट्या कटरने कापा. आतली धार काढा, फुंकर मारून कीस उडवा. मग नट ओवा. हो, फ्लेअर मारण्याआधी! मी पहिला फ्लेअर इतका देखणा मारला की पुतणीला बोलावून दाखवला. तिने विचारलं, "काका, नट कुठंय?" नट बाकावर होता. पाइप पुन्हा कापला, दोन इंच आखूड झाला, वाया गेला.

फ्लेअरचा आकार जुन्या पाइपच्या त्या त्या टोकाला जसा असेल तसाच हवा. कुठे बाहेर फुगलेला असतो, कुठे दुमडून आत गेलेला. अदलाबदल केली तर गळणारच. तयार झालेलं टोक उजेडात फिरवून पाहा. केसाएवढी चीर दिसली तरी टाकून द्या. बसवताना नट आधी बोटांनी तीन-चार आटे जाऊ द्या, पाना नंतर. पाइप चासिसवर क्लिपांत धरा. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाकं लोंबकळत ठेवून होज कुठे घासत नाही ना, ते बघा.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४, सीलबंद डब्यातलं. पावसाळाभर उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी पिऊन बसतो. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा. माझ्या बल्कहेडवर, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्यावर, रुपयाएवढं टक्कल पडलंय.

एअर, म्हणजे पाइपांत शिरलेली हवा, काढायला दुसरा माणूस हवाच. मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा) सर्वांत लांबचं चाक आधी, आपल्या गाडीत मागचं डावं. चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलला नळी लावा. "दाब." निपल सैल करायचा, पेडल खाली जातं. "धरून ठेव." निपल आवळायचा. "सोड." नळीतून बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ दिलीत तर पहिल्यापासून सुरू. क्लचच्या पाइपच्या दुसऱ्या टोकाच्या स्लेव्ह सिलिंडरचंही तसंच.

शेवटी पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. पेडल पायाखाली सरकत गेलं तर गाडी हलवायची नाही. आठवडाभर गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवा. मला तिसऱ्या दिवशी मागच्या उजव्या चाकाशी एक ओला ठिपका सापडला. नट पाव फेरा आवळल्यावर थांबला.