एजंटच्या हाती इमारतीचं मॉडेल देताना: टूलचं वर्णन कसं लिहावं

आमच्या एका प्रकल्पाचा अहवाल एआय एजंटने, म्हणजे टूल्स वापरून स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रामने केला. त्यात तळमजल्याच्या भिंतीची उंची ९.८४ मीटर आली. भिंत होती ३ मीटरची. रेव्हिट, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, लांबी आतमध्ये फुटांतच साठवतं, पडद्यावर मिलिमीटर दिसत असले तरी. एजंटला मॉडेलमधली माहिती काढून देणाऱ्या आमच्या टूलने तोच आतला आकडा उचलून दिला आणि वर्णनात मी लिहिलं होतं एवढंच: ‘भिंतीची उंची देतं.’ प्रकल्प पुण्यातला, म्हणून एजंटने मीटर धरले. त्याच्याजागी मीही तेच धरलं असतं.

मी बीआयएम (इमारतीचं माहितीसकट डिजिटल मॉडेल) समन्वयाचं काम करते आणि मॉडेलमधून माहिती काढणारी टूल्स पायथनमध्ये लिहिते. त्या अहवालानंतर सगळ्या टूल्सची वर्णनं पुन्हा लिहायला घेतली. त्यातून हाताला लागलेली पद्धत इथे देते.

आधी एजंटला काय दिसतं ते नीट समजून घ्या. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल्स जोडण्यासाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला एमसीपी, वापरत असाल तर एजंटपुढे टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा जातो. तुमचा कोड, त्यातल्या कॉमेंट्स, ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या गोष्टी यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. नवा इंजिनिअर शेजारच्या टेबलावर जाऊन ‘हे फुटांत आहे का हो?’ असं विचारतो. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, अंदाज धरून पुढे जातो.

म्हणून पहिलं काम एककाचं. रूपांतर टूलच्या आतच करा (एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर) आणि उत्तरातल्या रकान्याच्या नावातच एकक घाला: ‘उंची_मिमी’. नुसतं ‘उंची’ नको. वर्णन वाचायचं राहिलं तरी रकान्याचं नाव आकड्यासोबत शेवटपर्यंत जातं. आयएफसी फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करायचा खुला प्रकार) असेल तर एकक त्या फाइलमध्येच जाहीर केलेलं असतं. आर्किटेक्टची मिलिमीटरमध्ये आणि स्ट्रक्चरलवाल्यांची मीटरमध्ये, असं सर्रास होतं. टूलने ते वाचून एकाच एककात उत्तर द्यावं आणि तसं वर्णनात लिहावं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: आकड्याचा अर्थ. खोल्यांचं क्षेत्रफळ देणारं आमचं एक टूल आहे. आयएफसीतल्या प्रत्येक स्पेसचं, म्हणजे मॉडेलमध्ये आखलेल्या खोलीचं किंवा जागेचं, निव्वळ मजला-क्षेत्र ते देतं. एजंटने एका फ्लॅटच्या सगळ्या खोल्यांची बेरीज केली आणि खाली लिहिलं, ‘कार्पेट एरिया’. पण रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा धरतात, तर बाल्कनी, बाहेरच्या भिंती आणि सर्व्हिस शाफ्ट वगळतात. स्पेसच्या बेरजेत पार्टिशनची जागा येतच नाही आणि बाल्कनीही स्पेस म्हणून काढलेली असेल तर ती मात्र आत येते. घर घेणाऱ्याच्या करारात जाणारा आकडा आहे हा. आता त्या टूलचं वर्णन असं आहे. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:

‘दिलेल्या मजल्यावरच्या प्रत्येक स्पेसचं निव्वळ क्षेत्र चौरस मीटरमध्ये देतं. भिंतींखालची जागा यात नाही. बाल्कनी स्पेस म्हणून काढलेली असेल तर ती वेगळी ओळ म्हणून येते. या आकड्यांची बेरीज म्हणजे रेरा कार्पेट नव्हे. त्यासाठी कार्पेटचं वेगळं टूल वापरा. क्षेत्र भरलेलं नसेल तर शून्य न देता “भरलेलं नाही” असं उत्तर येतं.’

यातलं दुसरं आणि चौथं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण टूल काय करतं हे लिहिणं सोपं असतं. ते काय करत नाही आणि कोणत्या कामाला वापरू नये, हे साइटवरच्या माणसाशी बोलल्याशिवाय कळत नाही. प्लास्टरचंही तसंच. मॉडेलमधलं भिंतीचं निव्वळ क्षेत्र सगळ्या दारं-खिडक्या वजा करून येतं. आयएस १२०० या बांधकाम मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे मोजताना ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची वजावट होत नाही. बिल त्या आकड्यावर करायचं नाही, असं वर्णनातच लिहा.

मजल्यांची नावं मॉडेलमध्ये आहेत तशी द्या. आपल्याकडे ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे तळमजल्याच्या वरचा, अमेरिकी टेम्प्लेटमधून आलेल्या मॉडेलमध्ये ‘लेव्हल १’ म्हणजे तळमजला. मध्ये स्टिल्ट (खांबांवरचा पार्किंगचा मजला) आला की आणखी घोळ. आधी मजल्यांची यादी देणारं टूल चालवा आणि त्यातलंच नाव पुढे पाठवा, असं मी प्रत्येक संबंधित टूलच्या वर्णनात लिहिते. ओळख क्रमांकाचंही सांगा: रेव्हिटचा एलिमेंट आयडी दोन लिंक केलेल्या मॉडेल्समध्ये एकच असू शकतो, म्हणून सोबत मॉडेलचं नाव मागा. आयएफसीचा ग्लोबल आयडी २२ अक्षरांचा असतो आणि त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो. तो जसाच्या तसा पाठवायला सांगा.

रिकामं उत्तर हा आणखी एक सापळा. ‘दोन तासांच्या फायर रेटिंगच्या भिंती’, म्हणजे दोन तास आग अडवणाऱ्या भिंती मागितल्या आणि यादी रिकामी आली, तर तशा भिंतीच नाहीत की रेटिंग भरलेलंच नाही? आयएफसीत फायर रेटिंग हा मोकळा मजकूर असतो. कोणी ‘१२०’ लिहितं, कोणी ‘२ तास’. आमचं टूल आता सोबत सांगतं: ‘२१४ पैकी ६० भिंतींत रेटिंग रिकामं आहे; बाकीच्यांत भरलेली मूल्यं अशी…’ एवढं मिळालं की एजंट पुढचा प्रश्न बरोबर विचारतो.

मॉडेल बदलणाऱ्या टूल्सबद्दल मी कडक आहे. वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात ‘मॉडेल बदलतं’ असं लिहा आणि सोबत काय जाईल तेही. रेव्हिटमध्ये भिंत काढली की तिच्यातली दारं-खिडक्याही जातात. एमसीपीत ‘फक्त वाचतं’ किंवा ‘नष्ट करू शकतं’ अशा खुणा देता येतात, त्या जरूर द्या, पण त्या नुसत्या सूचना आहेत. त्या कुणाचा हात धरत नाहीत. आमचं काढून टाकणारं टूल आधी फक्त यादी दाखवतं आणि माणसाने होकार दिल्यावरच चालतं.

वर्णन झालं की ते मॉडेल कधीही न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त वर्णन वाचायला द्या आणि विचारा, उत्तर कोणत्या एककात येईल, काय सुटेल. तो अडला तिथे वाक्य घाला. मग ज्यांची उत्तरं मॉडेलमधून हाताने मोजून काढली आहेत असे दहा प्रश्न एजंटला द्या. हे दहा प्रश्न फाइलमध्ये जपून ठेवा. टूलमध्ये एक ओळ बदलली किंवा रेव्हिटची नवी आवृत्ती आली की पुन्हा चालवा. आमच्या यादीत पहिला प्रश्न आजही तोच आहे: तळमजल्याच्या त्या भिंतीची उंची किती?